लाही, टब आणि इंटरव्हल : थिएटरातल्या पॉपकॉर्नचा इतिहास

या भागासाठी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला होता: "थिएटरसारखं पॉपकॉर्न घरी का होत नाही?" रेसिपी सांगून दोन मिनिटांत मोकळं होता आलं असतं. पण आपला पॉडकास्ट इतिहासाचा आहे. त्यामुळे रेसिपी मिळेल, पण आधी थोडं फिरून यावं लागेल. शिकागो, पेरू, बारामती आणि मध्ये सुप्रीम कोर्टसुद्धा. हेडफोन नीट लावा.

मी कोऱ्हाळे बुद्रुकचा. निरा-बारामती रस्त्यावरचं गाव, तालुका बारामती. उसाचा भाग, निरा डाव्या कालव्याचा भाग. आमच्याकडे आजही आठवडे बाजारात पिशवी घेऊन बसलेला माणूस "पॉपकॉर्न" म्हणत नाही. तो ओरडतो, "मक्याच्या लाह्या!" लहानपणी मला वाटायचं की हा गावठी शब्द आहे आणि पॉपकॉर्न हा खरा शब्द. आता वाटतं, त्या माणसाच्या तोंडी जास्त जुना इतिहास आहे.

शब्द आधी, मका नंतर

संस्कृतात भाजून फुललेल्या धान्याला "लाजा" म्हणतात. त्यावरून आपली "लाही" आली. लग्नात लाजाहोम असतो ना? नवरीचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि त्या अग्नीत अर्पण होतात. व्हिडिओ शूटिंगवाला तेवढ्यात "इकडे बघा" म्हणतो म्हणून आपलं लक्ष जात नाही, पण तो विधी फार जुना आहे. त्या लाह्या साळीच्या, म्हणजे भाताच्या. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला बत्ताशांबरोबर असतात त्याही साळीच्याच.

नागपंचमीला मात्र आमच्याकडे मान ज्वारीच्या लाह्यांचा. गोपाळकाल्यात लाह्या, आजारी माणसाला लाह्यांचं पीठ ताकात कालवून. आणि भाषेत तर लाही इतकी मुरलीय की ऊन लागलं तरी आपल्या अंगाची "लाही लाही" होते. इंग्रजीत कोणाच्या अंगाचं पॉपकॉर्न झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

या सगळ्यात मका कुठेच नाही, हे लक्षात घ्या. मका मूळचा अमेरिका खंडातला. पेरूच्या किनाऱ्यावर पारेदोनेस आणि वाका प्रिएता या जागी उत्खननात मक्याची कणसं सापडली. त्यावरचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातून दिसलं की तिथली माणसं सुमारे ६,७०० वर्षांपूर्वी मक्याच्या लाह्या फोडत होती. मेक्सिकोत अझ्टेक लोकांच्या सणात मुली लाह्यांच्या माळा घालून नाचायच्या, अशी नोंद सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश धर्मोपदेशकाने करून ठेवलीय. म्हणजे समुद्राच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांची खबर नसताना, माणसांनी एकच गोष्ट शोधली: दाणा तापवला की फुलतो, आणि ते दृश्य इतकं सुंदर असतं की ते देवापुढे ठेवावंसं वाटतं.

दाणा फुटतो म्हणजे काय होतं?

इथे जरा विज्ञान. घाबरू नका, रेसिपी यातच लपलीय.

पॉपकॉर्नच्या मक्याच्या दाण्यात साधारण १३ ते १४ टक्के पाणी असतं. बाहेरचं साल टणक आणि घट्ट. दाणा तापला की आतल्या पाण्याची वाफ व्हायला लागते, पण तिला बाहेर पडायला वाट नाही. प्रेशर कुकर, पण शिट्टी नसलेला. आतला पिठूळ भाग त्या वाफेत शिजून मऊ होतो. साधारण १८० अंश सेल्सिअसला आतला दाब हवेच्या दाबाच्या नऊ-दहा पट होतो आणि साल फाटतं. दाब एकदम उतरतो, मऊ झालेलं पिठूळ फुगतं आणि क्षणात थंड होऊन तसंच थिजतं. २०१५ मध्ये दोन फ्रेंच संशोधकांनी हाय-स्पीड कॅमेऱ्याने हे टिपलं. त्यांचं म्हणणं असं की तो "पॉप" आवाज साल फाटल्याचा नसतो, कोंडलेली वाफ सुटल्याचा असतो.

आता आमच्या भागात मका भरपूर. दुभत्या जनावरांसाठी मुरघास करतात, त्यासाठी एकरांनी मका लावतात. पण त्या मक्याचा दाणा कढईत टाकला तर तो करपतो, फार तर तडकतो. फुलत नाही. कारण त्याचं साल वाफ धरून ठेवत नाही आणि आतला भाग जास्त मऊ असतो. लाह्यांचा मका वेगळाच असतो: दाणा बारीक, आतून काचेसारखा टणक.

आणि हेच सगळं ज्वारीलाही लागू आहे. माझी आजी नागपंचमीच्या आदल्या दिवशी ज्वारी निवडायची, गरम पाण्यातून काढायची, पाणी निथळून फडक्यात घट्ट बांधून रात्रभर ठेवायची. सकाळी खापर चांगलं तापलं की मूठ-मूठ दाणे टाकून फडक्याच्या बोळ्याने हलवायची. मला वाटायचं हा काहीतरी सोवळ्याचा प्रकार आहे. सोवळं कसलं, ती दाण्यातलं पाणी मोजून भरत होती! फक्त मोजायला तिच्याकडे यंत्र नव्हतं, बोटं होती. जास्त ओलं झालं तर दाणा वाफेने मऊ पडतो, कमी पडलं तर गणंग राहतात. गणंग हा शब्द तुमच्यापैकी किती जणांना माहिती आहे? न फुटलेला दाणा म्हणजे गणंग. थिएटरच्या टबात तळाशी जे दाताखाली येतात ना, ते. कामाला न येणाऱ्या माणसालाही आमच्याकडे गणंगच म्हणतात.

कोणती ज्वारी लाह्यांना चांगली, हे शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहिती होतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने लाह्यांसाठी खास वाण काढलं, त्याचं नाव "फुले पंचमी". नावातच सण आहे.

१८८५: एक कालवा, एक यंत्र

आता गोष्टीचा मधला भाग. १८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनला फार भोवला. त्यानंतर इंग्रज सरकारने पाण्याची जी मोठी कामं केली त्यातलं एक म्हणजे निरा डावा कालवा. १८८५ च्या सुमारास त्याला पाणी सुटलं. त्या पाण्याने बारामती तालुक्याचे दोन तुकडे केले. नकाशावर नाही, ताटात. कालव्याखालची गावं बागायत झाली, तिथे ऊस आला, पुढे सहकारी साखर कारखाने आले. आमच्या शेजारीच सोमेश्वर कारखाना. कालव्याबाहेरचा सुपे-मोरगावचा पट्टा जिरायतच राहिला. तिथे पावसावरची ज्वारी आणि बाजरी.

आणि त्याच १८८५ मध्ये शिकागोत चार्ल्स क्रेटर्स नावाच्या माणसाने आपली कंपनी काढली. मुळात तो शेंगदाणे भाजायचं यंत्र सुधारत होता. त्यातूनच त्याने वाफेवर चालणारं, रस्त्यावर ढकलत नेता येणारं पॉपकॉर्नचं यंत्र बनवलं. तोपर्यंत तिकडे तारेच्या जाळीत दाणे घालून विस्तवावर हलवायचे: काही करपायचे, काही कच्चे, मीठ धरायचं नाही. क्रेटर्सच्या यंत्रात दाणे गरम स्निग्धात फुटायचे, त्यामुळे प्रत्येक दाण्याला सारखी उष्णता आणि सारखं मीठ. त्याच्या मिश्रणात काय होतं माहितीये? दोन भाग डुकराची चरबी आणि एक भाग, थांबा, कढवलेलं लोणी. म्हणजे तूप! वरून मीठ. थिएटरच्या पॉपकॉर्नच्या मूळ पाककृतीत तूप आहे, मंडळी.

१८९३ मध्ये शिकागोला प्रचंड जागतिक प्रदर्शन भरलं. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने जी सर्वधर्म परिषद झाली, तीत स्वामी विवेकानंद बोलले. त्याच प्रदर्शनात क्रेटर्स आपलं यंत्र घेऊन उभा होता. पहिल्यांदा लोकांना फुकट चव दिली, मग रांग लागली. यंत्र सगळ्यांना दिसेल असं उघडं होतं आणि त्याचा वास लांबपर्यंत जायचा. खरं तर ती जाहिरातच होती.

थिएटरवाल्यांना ते नकोच होतं

तुम्हाला वाटेल सिनेमा आणि पॉपकॉर्न जन्मापासून एकत्र. नाही. अमेरिकेतली मोठी थिएटरं स्वतःला नाट्यगृहांसारखी भारदस्त समजायची. खाली गालिचे. लाह्या सांडल्या तर? त्यात मूकपट, पडद्यावरच्या पाट्या वाचायच्या, शांतता हवी, आणि शेजारी कोणीतरी कुरुमकुरुम. त्यामुळे विक्रेते बाहेर रस्त्यावर उभे राहायचे.

दोन गोष्टींनी चित्र बदललं. १९२७ नंतर बोलपट आले. पडदा बोलायला लागला, खाण्याचा आवाज त्यात बुडाला. (आपल्याकडे पहिला मराठी बोलपट "अयोध्येचा राजा", १९३२.) आणि १९२९ नंतर महामंदी आली. लोकांकडे पैसा नाही, पण पाच-दहा सेंटची पुडी परवडायची. तिकिटातून जे सुटत नव्हतं ते लाह्यांतून सुटायला लागलं. ज्या मालकांनी यंत्र आत घेतलं ते तरले. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत साखरेचं रेशनिंग झालं, चॉकलेट-गोळ्या कमी पडल्या, आणि जागा भरायला मीठ लावलेल्या लाह्या होत्याच. १९४५ पर्यंत अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या पॉपकॉर्नपैकी निम्म्याहून अधिक थिएटरात खपत होतं. त्याच वर्षी पर्सी स्पेन्सर नावाच्या इंजिनियरने मायक्रोवेव्हवर जे सुरुवातीचे प्रयोग केले त्यातही मक्याचे दाणे होते. आज किराणा दुकानात मिळणारं मायक्रोवेव्हचं पाकीट हे त्याच प्रयोगाचं नातवंड.

इथे मला एक गंमत दिसते, आणि जरा वाईटही वाटतं. तिकडे साखर कमी पडली म्हणून लाह्या वाढल्या. इकडे ऊस वाढला म्हणून लाह्यांची ज्वारी मागे पडली.

आमचं थिएटर तंबूत होतं

आपल्याकडे सिनेमा आला तो आधी शहरात. दादासाहेब फाळक्यांचा "राजा हरिश्चंद्र" ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. पण कोऱ्हाळ्यासारख्या गावांपर्यंत सिनेमा पोचवला तो टुरिंग टॉकीजने. पावसाळा संपला की ट्रकवर प्रोजेक्टर, तंबू आणि पडदा लादून मंडळी निघायची. दिवसा जीपवर भोंगा फिरायचा, रात्री जत्रेत खेळ. बसायला जमीन, बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. या जगाचे शेवटचे दिवस बघायचे असतील तर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा "द सिनेमा ट्रॅव्हलर्स" हा २०१६ चा माहितीपट बघा. त्यात दिसणारे तंबू आपल्या महाराष्ट्रातलेच आहेत.

आणि खाणं? तंबूबाहेर हातगाडीवर शेंगदाणे, फुटाणे, चुरमुरे, गुडीशेव, रेवड्या. फुटाणे आणि लाह्यांमागे उभा असायचा भडभुंजा. वाळू तापवलेली मोठी कढई, झारा, चाळण. लोक घरचं धान्य घेऊन त्याच्या भट्टीवर जायचे आणि तो भाजून द्यायचा, बऱ्याचदा मजुरीही धान्यातच. कढईत तेलाऐवजी वाळू का? कारण क्रेटर्सने तेलातून जे साधलं तेच वाळू साधते: दाण्याला सगळीकडून एकसारखी उष्णता. कल्पना तीच. पण क्रेटर्सच्या मागे कंपनी उभी राहिली. भडभुंज्याच्या मागे फक्त त्याची भट्टी होती, आणि घरोघरी गॅस व पाकिटं आल्यावर ती एकेक करून विझत गेली.

टब महाग झाला, मग प्रकरण कोर्टात गेलं

१९९७ मध्ये दिल्लीच्या साकेतमध्ये देशातलं पहिलं मल्टिप्लेक्स सुरू झालं, पुढच्या काही वर्षांत ती लाट पुण्यातही आली. आणि टब आला. कॉलेजात असताना आम्ही चौघं मित्र पुण्यात सिनेमाला गेलो, तेव्हा एक टब घेऊन चौघांत फिरवला होता. तिकिटापेक्षा टब महाग. बॅगेत आईने दिलेल्या दशम्या होत्या, त्या दारावरच काढून ठेवायला लावल्या. तेव्हा राग गिळला.

हा राग माझ्या एकट्याचा नव्हता. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात यावर जनहित याचिका चालू होती, मनसेने आंदोलनं केली. त्या वर्षी जुलैत नागपूरच्या अधिवेशनात राज्य सरकारने सांगितलं की बाहेरचे पदार्थ नेता येतील. महिन्याभरात कोर्टात मात्र सरकारची भूमिका बदलली: सुरक्षेचा प्रश्न आहे, आम्हाला हस्तक्षेप करायची गरज वाटत नाही. शेवटी ३ जानेवारी २०२३ ला, जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात, सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. थिएटर ही खासगी मालमत्ता आहे, बाहेरचे पदार्थ आणायला मनाई करण्याचा मालकाला हक्क आहे. मात्र पिण्याचं पाणी फुकट द्यायला हवं आणि तान्ह्या बाळाचं खाणं पालकांना नेता येईल. सुनावणीत सरन्यायाधीशांनी जिलेबीचं उदाहरण दिलं: कोणी जिलेबी खाऊन चिकट बोटं खुर्चीला पुसली तर?

कायद्याच्या नजरेने मुद्दा समजतो. पण मला प्रश्न पडतो तो वेगळा. तंबूत आम्ही घरची भाकरी बांधून सिनेमा बघितला. तिथे सिनेमा विकला जायचा. टबाच्या जमान्यात जे विकलं जातंय त्यात सिनेमा किती आणि लाह्या किती?

सरकारलाही लाह्यांनी गोंधळात टाकलंच. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषद झाली. सुट्या खाऱ्या पॉपकॉर्नला ५ टक्के, पाकिटबंद लेबल लावलेल्याला १२, आणि कॅरॅमल लावलं की १८, असा खुलासा निघाला. मीम्सचा पूर आला, तुम्हीही फॉरवर्ड केले असतील. सप्टेंबर २०२५ मध्ये १२ चा टप्पाच गेला. खारं पॉपकॉर्न सुटं असो की पाकिटातलं, ५ टक्क्यांत आलं. कॅरॅमल मात्र १८ वरच, कारण साखर लागली की ती मिठाई.

आता घरी

एवढं ऐकलंत, आता रेसिपी तुम्हाला नुसती पाठ नाही, समजलेली असेल.

जाड बुडाचं, झाकणाचं मोठं पातेलं घ्या. त्यात तीन मोठे चमचे खोबरेल, अर्थातच खायचं. थिएटरचा तो वास बराचसा खोबरेल तेलाचा असतो. १९९४ मध्ये अमेरिकेत एका ग्राहक संघटनेने त्यातल्या संपृक्त चरबीवर बोट ठेवलं तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. तेव्हा रोज खाऊ नका, एवढंच. पिवळ्या रंगासाठी चिमूटभर हळद. तेलात फक्त तीन दाणे टाका आणि थांबा. ते फुटले म्हणजे तेल तापलं. आता गॅस बंद करून १०० ग्रॅम दाणे टाका, हलवा, अर्धा मिनिट थांबा. त्यामुळे सगळे दाणे एका तापमानाला येतात आणि नंतर एकदम फुटतात, गणंग कमी राहतात. मग पुन्हा गॅस मोठा, झाकण किंचित कलतं. ती फट महत्त्वाची: वाफ आत कोंडली तर लाह्या चामट होतात. दोन आवाजांत दोन-तीन सेकंदांचं अंतर पडलं की बंद.

मीठ मिक्सरमधून पिठासारखं बारीक करून घ्या, जाड मीठ दाण्याला धरत नाही, तळाशी जातं. आणि वरून लोणी नको. लोण्यात साधारण १५ टक्के पाणी असतं, त्याने लाही लगेच मऊ पडते. तूप घाला. क्रेटर्सनेही तेच केलं होतं आणि आपल्या घरात ते आधीपासून आहेच.

दाणे जुने होऊन फुटत नसतील तर फेकू नका. बरणीत चमचाभर पाणी टाकून हलवा, झाकण लावून दोन-तीन दिवस ठेवा. आजीच्या फडक्याची ही बरणीतली आवृत्ती.

हिशेब सांगतो. १०० ग्रॅम दाणे, तेल, तूप, गॅस धरून ३०-४० रुपयांच्या आत मोठं पातेलं भरतं. चौघांना पुरतं, टब फिरवावा लागत नाही.

पण माझं खरं मागणं वेगळं आहे. २०२३ हे जागतिक भरडधान्य वर्ष होतं, ज्वारीची पोस्टर्स खूप लागली. पोस्टरने ज्वारी पिकत नाही, ती कोणीतरी विकत घेतल्यावर पिकते. कोऱ्हाळ्यापासून तासाभराच्या अंतरावर सुप्या-मोरगावच्या बाजूला अजून पावसावर ज्वारी पेरणारी शेतं आहेत. उसाला लागतं त्याच्या मानाने फारच थोडं पाणी तिला लागतं. मक्याच्या लाहीला यंत्र मिळालं, थिएटर मिळालं, पाकीट मिळालं. ज्वारीच्या लाहीला आपल्याकडे वर्षातून एक दिवस मिळतो, नागपंचमीचा.

तेव्हा या शनिवारी मोबाईलवर सिनेमा लावाल तेव्हा एक पातेलं मक्याचं करा, आणि एक मूठ ज्वारीची करून बघा. ज्वारी फुटली नाही तर यूट्यूबवर शोधू नका. घरात जी सगळ्यात मोठी बाई असेल, तिला विचारा की पाणी किती लावायचं. तिचं उत्तर रेकॉर्ड करा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. गावाचं नाव सांगायला विसरू नका, कारण दर वीस कोसांवर ती पद्धत बदलते असं मला वाटतं, आणि ते तपासायचंय. पुढच्या भागात तुमच्या आज्यांचे आवाज ऐकू.

तोवर, राम राम.